पन्नास सीसीची सही

सांगलीत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्याला बावीस वर्षं झाली. या काळात ‘सर, घरच्यांना तुम्हीच सांगा ना’ म्हणत आलेली पोरं मोजली तर एक अख्खी बॅच भरेल. बहुतेकांना मी ‘अठरा पूर्ण झाले की ये’ एवढंच सांगून परत पाठवतो. हे एक प्रकरण लिहून ठेवतोय, कारण ते एका बैठकीत मिटलं नाही, पावणेदोन वर्षं चाललं. दुसरं कारण म्हणजे माझी एक जुनी चूक त्यात मला दिसली. घरच्यांना विचारून लिहितोय. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

जुलै २०२३. मुलगी नुकतीच अकरावीत गेलेली, एप्रिलमध्ये सोळा पूर्ण झालेले. शिकाऊ लायसन्सचा अर्ज स्वतः डाउनलोड करून, छापून, निळ्या पेनानं नीट भरून घेऊन आली. फोटो, पत्ता, रक्तगट सगळं होतं. पालकाच्या संमतीचा रकाना तेवढा कोरा.

‘पप्पा सही करत नाहीत. त्यांच्या शेठनी तुमच्याकडेच गाडी शिकलेली, तुमचं ऐकतील.’

घर माधवनगरला. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, आई घरी शिवणकाम करते, मोठा भाऊ बारावीत. मुलीचा क्लास विश्रामबागला, सकाळी साडेसहाला. सहा-सात किलोमीटरचं अंतर, पण त्या वेळेला बस बदलत जायचं म्हटलं तर घरातून पहाटे निघावं लागतं. दारात दोन गाड्या: वडिलांची जुनी स्प्लेंडर आणि एक अ‍ॅक्टिव्हा. अ‍ॅक्टिव्हा भाऊ चालवायचा. दहावीपासून.

भावाचं वय मी लगेच विचारलं. सतरा वर्षं चार महिने.

‘त्याच्याकडं लायसन्स आहे?’

‘नाही. त्यानं कधी मागितलंच नाही.’

पुढची पावणेदोन वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या घरात परवानगी मागणारी ती एकटीच होती, आणि नकारही तिलाच मिळाला होता.

बैठक

रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वडील साधे, बोलायला मोकळे. भाऊ मोबाइलमध्ये, मुलगी दाराशी उभी, आई आत-बाहेर करत होती.

वडिलांनी आडपडदा ठेवला नाही. ‘सर, पोरगीय ती. उद्या कुठं पडली, तोंडाला लागलं, तर लगीन कसं करायचं? आन् सांगली-मिरज रोडचं ट्रॅफिक तुम्हाला म्या काय सांगू.’

‘आणि हा?’ मी भावाकडे बोट केलं.

‘त्यो काय विचारून नेतोय व्हय?’

हे ते चेष्टेत म्हणाले, मुलगीही कसनुसं हसली. माझ्या मते मात्र घरातलं सगळं गणित त्या एका वाक्यात होतं. मुलगा न विचारता नेतो, म्हणून त्याच्याबाबत निर्णय घ्यायची वेळच येत नाही. मुलगी कागद पुढं करते, तेव्हा कागदावर काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, आणि बाप घाबरलेला असला की ते उत्तर ‘नको’ असतं.

मी कायद्याचं पुस्तक नेलं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ७ म्हणतं, अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला विनागिअर मोटारसायकलचं शिकाऊ लायसन्स द्यायचं तर तिचा सांभाळ करणाऱ्यानं लेखी संमती द्यायला हवी. मुलगी ज्या सहीसाठी भांडत होती ती हीच. लोक इथवर वाचतात आणि थांबतात. विनागिअर म्हणजे अ‍ॅक्टिव्हा, मग झालं की काम! पण त्याआधी कलम ४ आहे. त्यात सोळा ते अठरा वयाला सूट आहे ती फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारसायकलला. अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीच्या आसपास, अ‍ॅक्सेस १२५ च्या वर्गातली, शेतकऱ्यांची लाडकी एक्सएल घेतली तरी १०० ची. शोरूममध्ये जाऊन ‘पन्नास सीसीची गाडी दाखवा’ म्हटलं तर पोरगा तोंडाकडं बघत राहील.

म्हणजे बापानं सही केली असती, मुलीनं संगणकावरची परीक्षा दिली असती (साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास), महिनाभर थांबून ट्रायल दिली असती आणि पक्कं लायसन्स हातात आलं असतं, तरी दारातली गाडी तिला चालवता आली नसती. कायद्याच्या लेखी ती विनालायसन्सच.

मुलीचं तोंड उतरलं. ‘मग सरकार हे लायसन्स देतं कशाला?’

प्रश्न रास्त होता. उत्तर पुण्यात आहे. १९७२ साली कायनेटिकनं लुना आणली, पन्नास सीसीची. पायडल मारायचं, चालू पडली की निघायचं. पुढं तिच्यासारख्या मोपेड गल्लोगल्ली झाल्या. १९८८ चा कायदा लिहिला गेला तेव्हा कॉलेजला जाणारी पोरगी म्हटलं की हीच गाडी डोळ्यांपुढं यायची. नंतर लोकांची पसंती बदलली, इंजिनं मोठी झाली, पन्नास सीसीची मोपेड बाजारातून गेली. कलम राहिलं. २०२४ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रिक लुना आली, पण तीही ताशी पन्नासपर्यंत पळते, तिला नंबरप्लेट लागते आणि चालवणाऱ्याकडं लायसन्स.

लुनाचं नाव काढताच वडील खुलले. ‘चुलत्याची हुती आमच्या. नववीत असताना मी कारखान्यापर्यंत न्यायचो की.’

‘लायसन्स?’

‘कसलं लायसन्स, सर!’

आता माझी चूक सांगतो. बरीच वर्षं मी असे पन्नास सीसीचे अर्ज भरून दिले. दोन्ही हातांनी. पालक यायचे, सही करायचे, फी द्यायचे, मुलाला कार्ड मिळायचं आणि सगळे खूश होऊन घरी अ‍ॅक्टिव्हाकडं जायचे. मी खोटं काही बोललो नाही. पण ‘ही तुमची गाडी यात बसत नाही’ हेही कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर गिऱ्हाईक गेलं असतं. ट्रॅफिक हवालदारही कार्ड बघून सोडून द्यायचा. सगळ्यांनी मिळून एक न बोललेला करार केला होता, आणि त्यातला एक हिस्सेदार मी होतो.

हा करार परवडेनासा झाला तो २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १९९अ आलं आणि १ सप्टेंबरपासून लागू झालं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलाकडं शिकाऊ किंवा पक्कं लायसन्स असेल तर पालक सुटतो, पण ते लायसन्स तो चालवत असलेल्या गाडीचं असेल तरच. पन्नास सीसीचं कार्ड अ‍ॅक्टिव्हाला इथं पुन्हा आडवं येतं.

मी हे मुलीला सांगत होतो. ऐकत होती आई. चहाचा ट्रे हातात तसाच धरून तिनं विचारलं, ‘गाडी माझ्या नावावर हाय. मग पोलीस मला न्हेणार?’

आपल्याकडं अ‍ॅक्टिव्हा बायकोच्या नावावर घ्यायची पद्धतच पडलीय. ज्या बाईनं कधी गाडीचा स्टँडसुद्धा काढला नसेल ती आरसी बुकात मालक असते. मी सांगितलं, कायदा ‘पालक किंवा मालक’ म्हणतो, तुम्ही तर दोन्ही आहात. बचावाची एक वाट आहे: मुलानं आपल्या नकळत गाडी नेली, किंवा नेऊ नये म्हणून आपण शक्य ती सगळी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं. सिद्ध तुम्ही करायचं. तोवर कोर्ट धरून चालतं की तुमची संमती होती.

‘नकळत कसलं,’ आई म्हणाली. ‘रोज सकाळी किल्ली मीच देते त्याला.’

खोलीत कोणी बोलेना. मी विम्याचंही सांगून टाकलं. विनालायसन्स चालकानं कुणाला उडवलं तर विमा कंपनीला बहुतेक वेळा जखमीला भरपाई द्यायला लावतात, पण मग तीच रक्कम ती मालकाकडून वसूल करू शकते. ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे तत्त्व आहे. रक्कम लाखांत जाते. दिवाणजींना लाखांचा हिशेब मी वेगळा समजावायची गरज नव्हती.

मुलीनं भावाकडं बघून बोटांवर मोजलं. ‘दादा, तुला मार्च २०३१ पर्यंत लायसन्स नाही मिळणार.’

भाऊ चहा अर्धा टाकून उठला.

काय ठरलं, आणि काय नाही

वडिलांनी एक पर्याय स्वतःहून काढला: बिनलायसन्सची इलेक्ट्रिक स्कूटर. कायद्यानं ती आहे. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी पंचवीसच्या आत असेल, तर ती मोटार वाहनातच मोडत नाही. नंबर नाही, लायसन्स नाही. मी फारसा उत्साह दाखवला नाही, ते का हे सांगतो. एक तर विकणारेच काही जण डोळा मारून सांगतात की एक वायर काढली की चाळीसनं पळते. वायर काढली की ती नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं मोटार वाहन होते आणि आपण आहे तिथंच परत. दुसरं, न छेडलेली गाडीसुद्धा गळिताच्या हंगामात पहाटेच्या अंधारात पंचवीसच्या वेगानं उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून घालायची, ही कल्पना मला सहन होत नाही. त्या ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात हे सांगलीकराला सांगायला नको. मुलीला वेगळ्याच कारणानं नको होती. तिच्या मते ती म्हातारीची गाडी होती.

शेवटी त्या रविवारी इतकंच झालं. सही झाली नाही. वडिलांनी खुंटीवरची अ‍ॅक्टिव्हाची किल्ली काढून शर्टच्या खिशात टाकली. मुलीनं आठच्या बॅचला बदली मागायची आणि जुन्या सायकलला नवे टायर टाकायचे. मी वडिलांकडं दोन गोष्टी मागितल्या. अठराव्या वाढदिवसाला लायसन्सला नाही म्हणायचं नाही, मार्क किती पडले, स्थळ आलं का, असली कसलीही अट न घालता. आणि तोवर तिला मोकळ्या जागेत शिकू द्यायचं. कलम ४ ची मनाई सार्वजनिक ठिकाणासाठी आहे. तासगावकडं तिच्या आत्याचा द्राक्षमळा आहे, बेदाण्याच्या शेडपुढं मोठं अंगण आहे, भोवती तारेचं कुंपण. दुसऱ्या गोष्टीला ते हो म्हणाले. पहिलीला म्हणाले, ‘बघू.’

मुलगी मला फाटकापर्यंत सोडायला आली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, ‘मी फॉर्म आणलाच नसता तर बरं झालं असतं. दादाची पण गाडी गेली, मला पण काही मिळालं नाही.’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही चांगलं उत्तर नाही. नियमानं चालायला गेलेल्या मुलीला त्या दिवशी हेच शिकायला मिळालं की नियमाचं नाव काढलं की घरात भांडण होतं. समुपदेशक असतो तर कदाचित काही सुचलं असतं. मी क्लच आणि ब्रेक शिकवणारा माणूस.

मधला काळ

दिवाळीनंतर वडिलांचा फोन. ‘सर, किल्ली माझ्या खिशात हाय, आन् पेट्रोल कमी हुतंय.’

भावानं डुप्लिकेट करून घेतली होती. बहिणीला ठाऊक होतं, ती बोलली नव्हती. एकदा बोलून बघितलं होतं तिनं, पुन्हा कशाला बोलेल? वडिलांनी चाकाला साखळी घातली. मला हसू आलं, पण मनात म्हटलं, ही साखळी म्हणजेच ती ‘शक्य ती सगळी काळजी’. पाच महिन्यांपूर्वी हा माणूस ‘विचारून नेतोय व्हय’ म्हणून हसला होता.

आत्याच्या अंगणात मुलगी महिन्यातून एखाद्या रविवारी शिकत होती. पहिल्या दिवशी मी गेलो होतो. तिला सरळ चालवायला सांगितलंच नाही. आधी बंद गाडी हातानं ढकलत अंगणाला चार चकरा, मग स्टँडवर लावणं-काढणं, मग ब्रेक. नव्या शिकणाऱ्याला पळवायची घाई असते आणि थांबायचं कसं ते शेवटी कळतं, तेही बहुधा भिंतीवर. तिला आठ काढायला दोन रविवार पुरले. आत्या ओट्यावर बसून बेदाणा निवडत बघायची आणि अधूनमधून ‘हळू गं बाई’ म्हणायची.

मार्च २०२४ मध्ये भाऊ अठराचा झाला. महिन्याभरात कच्चं लायसन्स आणि पुढं रीतसर ट्रायल. माझ्याकडंच आला, मान खाली घालून. बरा चालवतो, वळताना मात्र आरशात बघत नाही.

मग १९ मे. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शे घालून दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळानं पहिल्याच दिवशी जामीन दिला, तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घालून, आणि अख्खा महाराष्ट्र पेटला. दोन दिवसांत त्या मुलाच्या वडिलांना अटक झाली. त्या आठवड्यात माझा फोन सारखा वाजत होता. वर्षानुवर्षं पोरांच्या हातात किल्ल्या देणारे लोक ‘सर, ते कलम कुठलं म्हणालात?’ असं विचारत होते. दिवाणजींचाही फोन आला, पण वेगळाच.

‘सर, माझं ठरलं. पोरीला आता गाडीच नको. पंचवीसपतोर नको.’

मी जरा चिडलो. म्हटलं, ‘अहो, त्या पोरानं बापाकडं सही मागितली होती का? तुमची पोरगी वर्षभर सही मागत फिरली, मिळाली नाही तर सायकलवर बसली. दोघांना एका दावणीला काय बांधता?’

ते काही बोलले नाहीत. फोन ठेवला. हळद दुकानातल्या लोकांना तोलून बोलायची सवय असते, लगेच कबूल होत नाहीत. भीतीही खोटी नव्हती. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली चव्वेचाळीस टक्क्यांच्या वर दुचाकीवरची. बापाची भीती चुकीच्या पोरावर पडत होती, एवढंच माझं म्हणणं.

एप्रिल २०२५

बारावीची परीक्षा झाली होती. वाढदिवसानंतरच्या सोमवारी मुलगी एकटीच आली, सायकलवर, हेल्मेट हँडलला अडकवून. सायकलवर हेल्मेट कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘तुम्ही लगेच गाडीवर बसवाल म्हणून.’ मी सांगितलं, आधी कच्चं.

आता शिकाऊ लायसन्सला आरटीओत जावं लागत नाही. आधारवरून घरबसल्या अर्ज, घरबसल्या परीक्षा. माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसवलं. वाहनाच्या वर्गात तिनं विनागिअरवर खूण केली, मग थांबली आणि गिअरच्या मोटारसायकलवरही केली. ‘पप्पांची स्प्लेंडर पण.’ अठरा पूर्ण असल्यामुळं पालकाच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. तिनं मुद्दाम शोधलं, खाली-वर करून बघितलं. ‘खरंच सही लागत नाही?’

‘नाही.’

आधार क्रमांक टाकला, बटण दाबलं. ‘आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.’ शेवटचे आकडे बघून ती खुर्चीत मागं टेकली.

‘सर, हा पप्पांचा नंबर आहे.’

प्राथमिक शाळेत असताना आधार काढलं, तेव्हा घरात मोबाइल एकच होता. आमच्याकडं येणाऱ्या किती मुलींचं असं असतं! सज्ञान होतात, पण ओटीपी बापाच्या खिशात वाजतो.

वेळ सकाळी अकराची. हंगामाचे दिवस, यार्डात हळदीचे सौदे चाललेले. पहिला फोन उचलला नाही. दुसरा नाही. दहा मिनिटं गेली, ओटीपी बाद झाला. पुन्हा पाठवला. तिसऱ्या फोनला उचलला. तिनं स्पीकर लावला. मागं बोली लावणाऱ्यांचा गलका.

‘पप्पा, एक मेसेज आलाय बघा. सहा आकडे आहेत.’

‘कसला? बँकेचा न्हवं ना? शेठ म्हणतात कुणाला सांगायचा न्हाई.’

‘लायसन्सचा.’

गलका तसाच चालू होता, ते मात्र गप्प. मला वाटलं फोन कटला.

‘थांब. चष्मा घालतो.’

एकेक आकडा सावकाश आला, पोत्यांची मोजणी सांगावी तसा. पाच झाले. सहाव्याला ते थांबले.

‘हेल्मेट हाय का?’

‘आहे, पप्पा. इथंच आहे.’

‘चार,’ ते म्हणाले.